हात गेला नव्हता

“काका, ड्रिल चालवायला ताकद किती लागते?”

बजाजनगरच्या हार्डवेअरच्या दुकानात हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी विचारलं, तेही मोठ्यानं.

“थांब बेटा, हे मामा-मामी आधी आलेत. बोला मामा.”

“हे ड्रिल परत घ्या. माझ्यानं आता होत नाय.”

“सकाळपासून हेच चाललंय यांचं, भाऊ. मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघालं, पण हात कामातून गेला, आता कंपनीत कोण घेतंय, म्हणून.”

“भोक कशात पाडत होते?”

“काँक्रीटच्या कॉलममध्ये. पडद्याच्या रॉडसाठी. लई जोर लावला, नुसता धूर निघाला.”

“बिट दाखवा बरं, ते पुढचं पातं. मामा, हे लोखंडात भोक पाडायचं बिट आहे. टोक बघा, जळून निळं पडलंय.”

“दाराला तर यानंच पाडलं होतं.”

“दार लाकडाचं व्हय ना? लाकडात जातं ते. काँक्रीटला हे रुंद टोकाचं घ्या, अन् ठोके देणारं हे हॅमरचं बटण चालू करा. पाडा दुकानाच्या या काँक्रीटच्या पायरीला.”

घर्रर्र.

“गेलं की हो, तुमच्याच हातानं.”

“व्हय. गेलं.”

“मग आता थांबा की. यांच्या पायरीची चाळणी करता का?”

“अजून एक पाडतो. गप उभी राहा.”

“बरं बाई, पाडा.”

घरी आल्याआल्या मी सांगून टाकलं, “आई, बाबा, माझ्या पुस्तकांच्या फळीसाठी सुताराला बोलवू नका. भोकं मी पाडणार. फक्त भिंत कशाची आहे, तेवढं आधी सांगा.”