खिळ्यावरची लाल पट्टी

मॅडम : वाचलंत ना? मग करा सही.

मास्तर : थांबा, चष्मा लावून पुन्हा वाचतो. ‘तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे ॲम्प्लिफायरचा स्फटिक जळाला. चौकशी होईपर्यंत त्यांना प्रयोगशाळेत प्रवेश नाही.’ वा! निवृत्तीला दोन महिने राहिलेत. निरोप समारंभाचा खर्च वाचवलात की.

मॅडम : टोमणे नकोत. सकाळी लेझर कुणी चालू केला?

मास्तर : मीच. बावीस वर्षं मीच करतोय. इतक्या वर्षांत काही फुटलं नाही, ही माझीच चूक.

मॅडम : पल्स ताणल्याशिवाय स्फटिकात सोडायची नसते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

मास्तर : नाही हो. आम्ही पडलो अडाणी. तुम्ही प्रमुख, तुम्हीच समजावा.

मॅडम : स्फटिकात आधी दुसऱ्या लेझरने ऊर्जा भरून ठेवतो. प्रकाशाची इवलीशी पल्स त्यातून फेऱ्या मारते, दर फेरीला थोडी ऊर्जा उचलते, आणि लाखो पटींनी मोठी होऊन बाहेर पडते.

मास्तर : आयत्या बिळावर नागोबा! मग ताणायची कशाला?

मॅडम : कारण ती फार आखूड असते. एवढी ऊर्जा एवढ्याशा क्षणात कोंबली की स्फटिक गेलाच. म्हणून आधी ताणून लांब करायची, मग वाढवायची, आणि बाहेर आली की पुन्हा आवळायची. हसताय काय?

मास्तर : पहिल्या दिवशी हे तुम्हाला कुणी शिकवलं, ते आठवलं. शाळा सुटली की सगळी पोरं एकदम दारात घुसली तर चौकट उखडते. रांगेने सोडली तर तीच पोरं, तेच दार, ओरखडासुद्धा नाही. मैदानात गेल्यावर घालू देत गोंधळ.

मॅडम : मग आज रांग कुठे गेली?

मास्तर : आडवा आरसा मध्ये होता. त्यामुळे पल्स ताणायच्या जागेला वळसा घालून थेट स्फटिकात गेली. तो आरसा आपण मोजमापापुरता घालतो, ॲम्प्लिफायर बंद असताना.

मॅडम : आणि काढायला विसरलात.

मास्तर : आरसा घातला की भिंतीतल्या खिळ्यावरची लाल पट्टी काढून स्विचला अडकवायची, असा आपला नियम. सकाळी स्विचला पट्टी नव्हती. म्हणून चालू केला.

मॅडम : म्हणजे पट्टीही विसरलात! तीन वाजता संचालक येतायत. सही करा.

मास्तर : करतो की. पेन द्या.

मॅडम : साधं पेनही नाही तुमच्याकडे?

मास्तर : आमच्याकडे काय असणार? तुमच्या ॲप्रनच्या डाव्या खिशात बघा.

(खिशातून लाल पट्टी निघते.)

मॅडम : काल संध्याकाळी मोजमापासाठी आरसा मीच घातला होता. पट्टी काढली, तेवढ्यात फोन वाजला, आणि सगळं डोक्यातूनच गेलं.

मास्तर : वाजतात हो फोन. त्यांचं काम ते करतात.

मॅडम : तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?

मास्तर : स्फटिक जळाल्यावर खिळा बघितला, तर रिकामा. मग तुम्ही आलात, खिशातून लाल टोक डोकावत होतं. अख्ख्या मजल्याला दिसलं, तुम्हाला सोडून.

मॅडम : मग बोलला का नाहीत?

मास्तर : बोलू दिलंत कुठे? सगळ्यांसमोर झाडलंत मला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बघू तरी स्वतःचा खिसा कधी चाचपतात.

मॅडम : लाज वाटतेय मला, मास्तर. हे पान फाडते. नवं लिहिते, माझ्या नावाने.

मास्तर : खाली माझंही लिहा. चालू करण्याआधी खिळा बघायला हवा होता मी. बावीस वर्षांत माणसाला माज येतो.

मॅडम : कपाटात एकच स्फटिक उरलाय. बसवाल?

मास्तर : मला तर प्रवेश नाही म्हणे.

मॅडम : मास्तर, प्लीज.

मास्तर : बसवतो. पण आधी तो आरसा काढा, आणि पट्टी तुमच्या हाताने खिळ्याला लावा. मी बघत उभा राहतो.