दोघं म्हणजे सभा

…मग मी बोटं वर करायची की नाही, एवढंच सांगा! समोरून माझा सख्खा मेव्हणा येतोय, खडीचा रस्ता, धुरळा उडालाय, आणि आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करायची, ही रीत माझ्या बापाच्या आधीची, ओळखीचा असो, परका असो, अगदी गुरं चोरून नेणारा असला तरी आधी बोटं वर करायची आणि मग शेरीफला कळवायचं… आणि आता काउंटीचा वकील मला म्हणतो, "एमिल, बोटं जरा जपून. ती संमती धरली जाऊ शकते."

संमती! कशाला संमती? मी काय दोन बोटांनी पूल मंजूर करतोय?

पण कायदा झाला ना! तिकडे राजधानीत बसून केला. दोघं म्हणजे सभा!

तुम्हाला सांगतो, नीट ऐका, मला दोनदा सांगायची सवय नाही. आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार तीन माणसं बघतात. एक मी. सत्तावीस वर्षं निवडून येतोय. शिकलोय आठवी, पण काउंटीतली रस्त्याखालची प्रत्येक मोरी कुठे तुंबते ते मला पाठ आहे. दुसरा मिलो, माझ्या बायकोचा, अर्लीनचा, धाकटा भाऊ. तिसऱ्या ग्वेनबाई, शेळ्या पाळतात, नऊच वर्षं झाली येऊन, म्हणजे नव्याच. झालं मंडळ. आता तिघांत बहुमत किती? दोन. आणि नवा कायदा काय म्हणतो? बहुमताइतके सभासद जिथे कुठे एकत्र आले आणि काउंटीच्या कामाबद्दल चकार शब्द बोलले, तिथे सभा झाली! आणि सभा म्हटली की चोवीस तास आधी कचेरीच्या दारावर नोटीस, खाली विषयपत्रिका, मग इतिवृत्त, आणि येईल त्या माणसाला आत घ्यायचं. चुकलात तर पद गेलं.

आमची कारकून लवॉन. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की बाप्तिस्माही मयतासारखा वाटावा. तिनं वाचून दाखवलं, "'कोणत्याही स्थळी, कोणत्याही प्रकारे…'"

मी म्हटलं, "कोणत्याही म्हणजे? धान्याच्या गोदामापाशी?"

"कोणत्याही, एमिल."

"चर्चच्या पायऱ्यांवर?"

"कोणत्याही."

"माझ्या कुंपणाशी? मी माझ्या शेतात, मिलो त्याच्या शेतात, मध्ये काटेरी तार?"

तिनं वकिलाकडे बघितलं. हे वकील टेट. आमच्याकडे फक्त बुधवारी येतात, बाकीचे दिवस शेजारच्या काउंटीचे. बुटाला कधी चिखल नाही! ते म्हणाले, "तार ही भिंत नव्हे."

तार ही भिंत नव्हे! अहो, गारांनी अकरा मिनिटांत माझा दोनशे एकर मका झोडपला तेव्हा मी टोपी काढली नव्हती डोक्यावरची. त्या दिवशी काढली. खुर्चीत बसलो. लवॉनला म्हटलं, पाणी दे.

कारण तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं आमचा कारभार झाला कुठे? कचेरीत? कचेरीत आम्ही सह्या करायला जायचो! कारभार झाला रस्त्याच्या मधोमध. माझी पिकअप दक्षिणेला तोंड करून, मिलोची उत्तरेला, खिडकीला खिडकी, इंजिनं चालू. "मिलो, त्या डुकरवाल्या कुचेराच्या वळणावर खडी हवी." "हवी, दाजी." झालं! मागून कुणी आलं तर हॉर्न मारत नाही, गाडी बंद करून बसतो. त्याला ठाऊक असतं, पुढे सरकार चालू आहे. चोरून काही नव्हतं हो त्यात! तीन मैलांवरून आमचा धुरळा दिसायचा. पण नाही! दोघं म्हणजे सभा!

बरं, हे सगळं मी सोसलं असतं. मी सोसणारा माणूस आहे. पण मिलो…

मिलोची बायको व्हेरा कायद्याच्या दोन हिवाळे आधी गेली. पोरंबाळं नाहीत. तेव्हापासून हा माणूस घरी सुपाचा डबा उघडतो, गरमसुद्धा करत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उभा राहून डब्यातूनच खातो. खुर्ची ओढत नाही. ताट घेत नाही. आठवड्यातून एकदा तो बसून जेवतो. रविवारी, चर्च सुटल्यावर, आमच्या टेबलाशी. अर्लीन डुकराचं मांस भाजते, मैद्याचे गोळे उकडते, आंबवलेला कोबी असतो, मागून कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव. आणि मिलो बोलतो! सहा दिवसांचं साठलेलं एका बैठकीत बोलतो. कशाबद्दल? रस्त्यांबद्दल. दुसरा विषय त्याच्याकडे नाहीच. देवानं कुणाला गळा दिला, कुणाला रूप दिलं, आमच्या मिलोला रस्ते दिले.

आता कायद्यानंतरचा पहिला रविवार. बसलो. अर्लीननं वाढलं. मिलोनं तोंड उघडलं…

"दाजी, परवाच्या पावसानं—"

"गप!" मी म्हटलं. पाऊस म्हणजे रस्ता वाहून गेला, रस्ता म्हणजे काउंटी. सभा!

थोड्या वेळानं, "मका बरा आहे यंदा." मका म्हणजे जमिनीचा कर आला. सभा! "तो कुचेराचा कुत्रा—" कुत्र्यांचा नियम आमच्यापुढेच पडून आहे. सभा! "ती म्हातारी क्लारा गेली म्हणे—" आणि दफनभूमीचं गवत कोण कापतं? आम्हीच कापतो! माणसाला मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही, मेलं की काउंटीचं काम! शेवटी मिलो म्हणाला, "दाजी, बटाटे द्या." दिले. तेवढंच कायदेशीर होतं.

दुसऱ्या रविवारी बटाटेसुद्धा मागितले नाहीत, स्वतःच हात लांब केला. तिसऱ्या रविवारी आलाच नाही. निरोप आला, सर्दी झालीय. अर्लीन सूप घेऊन गेली आणि परत आली ती अशी आली, की मी चुलीकडे बघत बसलो.

"सर्दीबिर्दी काही नाही," ती म्हणाली. "मोरीपाशी उभा होता. हातात डबा. रविवारी, एमिल! रविवारी!"

"मग मी काय करू?"

"सोड ते पद."

आता मी कडक माणूस आहे. सत्तावीस वर्षं! मी म्हटलं, "मिलोनं सोडावं."

"तो रस्त्यांसाठीच सकाळी उठतो. ते काढून घेतलंस तर उठायचाच नाही तो."

बरोबर होतं तिचं. ती बारावी शिकलीय, त्यामुळे बऱ्याचदा बरोबर असते.

मग अर्लीननं डोकं चालवलं. म्हणाली, नोटीस लावली की बोलता येतं ना? मग लावू नोटीस! शनिवारी सकाळी स्वतः जाऊन कचेरीच्या दारावर डकवून आली. "काउंटी मंडळाची सभा. स्थळ, एमिल हावलिक यांचं स्वयंपाकघर. वेळ, रविवार, साडेबारा. विषय, रस्ते व इतर." मी म्हटलं, वा! दोघं म्हणजे सभा? घ्या सभा!

अहो, आमच्याकडे कचेरीतल्या सभेला कोण येतं? कुणीही येत नाही! एकदा एक मांजर आलं होतं, त्याची नोंद आहे. पण स्वयंपाकघर? डुकराचं मांस? एकसष्ट माणसं आली! घडीच्या खुर्च्या घेऊन आली! चर्चमधून सरळ आली, कोटासकट! आणि कायदा काय सांगतो? कुणालाही हाकलायचं नाही. कुचेरा तर चमचा घेऊन आला, म्हणाला, "एमिलकाका, माझी हरकत नोंदवायची आहे, पण आधी तो गोळा वाढा." ग्वेनबाई शेळीचं चीज घेऊन आल्या. वकील टेटसुद्धा आले, रविवारी! ज्यांना आम्ही बुधवारशिवाय जिवंत बघितलेलं नाही! लवॉन दाराशी बसून लिहितेय, "'श्री. मिलो यांनी कोबी दुसऱ्यांदा घेतला. विरोध नाही.'"

आणि मिलो? मिलो कोपऱ्यात, भिंतीला पाठ, हातात ताट, आणि सभोवती सात माणसं. "मिलो, माझी मोरी!" "मिलो, माझ्या फाटकापुढचा खड्डा!" "मिलो, रस्ता सपाट करायचं ते ग्रेडर आमच्याकडे कधी फिरणार?" तो प्रत्येकाला उत्तर देत राहिला. सगळे गेले तेव्हा ताट तसंच होतं. गोळ्यावर चरबी थिजली होती. आणि तो उभाच होता हो! माझ्या घरातसुद्धा उभा!

अर्लीन मागच्या दारात गेली आणि एप्रन तोंडाला लावून रडली. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा बघितलं मी.

त्यानंतर तिनं मिलोच्या घरी जेवण पोचवायला सुरुवात केली. मी बुधवारी कचेरीत गेलो. वकिलासमोर उभा राहिलो. म्हटलं, "वाट काढा. तुमच्या पुस्तकात असेल."

ते म्हणाले, "एक आहे. मंडळ पाचाचं करा. पाचांत बहुमत तीन. मग तुम्ही दोघं वाटेल तिथे, वाटेल ते बोला."

इतकं सोपं! मी त्यांच्या बुटांना मनात माफ केलं. अर्ज घेऊन दारोदार मीच फिरलो. लोकांनी वसंतात कौल दिला, पाच व्हा म्हणून. दोन नव्या जागांची निवडणूक नोव्हेंबरात. एका जागेवर कुचेरा उभा राहिला, हरकती नोंदवून नोंदवून त्याला गोडी लागली होती. दुसरी जागा अख्ख्या काउंटीची, म्हणजे मत सगळ्यांचं. तिला कुणी उभंच राहीना! घरोघरी गेलो. "एमिलकाका, मंडळात येऊन तुमच्यासारखं शब्द मोजून बोलायचं? मुळीच नाही." आणि वकील म्हणाले, मुदतीत अर्ज आला नाही तर पाचाचं मंडळ होत नाही, पुढची चार वर्षं तिघांचंच राहील.

चार वर्षं! मिलो, डबा, मोरी!

शेवटचा दिवस. अर्लीन म्हणाली, यीस्ट संपलंय, गावात जाऊन येते. गेली. आली. कोलाचे केले. मी दोन खाल्ले. तिसरा तोंडात, आणि फोन वाजला. लवॉन! "अभिनंदन, एमिल."

"कशाचं?"

"अर्लीननं अर्ज भरला."

तुम्हाला सांगतो, तो कोलाचा माझ्या घशात जिथे होता तिथेच राहिला. मी वळलो. म्हटलं, "अर्लीन! हे काय?"

"जागा रिकामी राहिली असती. मिलो रविवारी टेबलाशी बसला पाहिजे, बस. मी काही बोलणार नाही तिथे. नुसती हजर राहीन."

नुसती हजर! विरोधात कुणी नव्हतं, तरी लोक रांग लावून मतं देऊन आले. त्या एकसष्ट जणांनी तिच्या हातचं खाल्लं होतं ना! आणि पहिल्याच सभेत ही नुसती हजर राहणारी बाई उठली आणि दफनभूमीच्या गवतावर वीस मिनिटं बोलली. कुचेराच्या वळणावरची खडी मी तीन वर्षं चुकीची टाकतोय, हेही त्यातच सांगितलं. तीन वर्षं! घरात एकदा तरी म्हणावं माणसानं!

मग रविवार. मिलो आला. दीड वर्षानं आला! दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. माझ्या शेजारची खुर्ची ओढली. बसला. बसला हो! मी म्हटलं, "बोल मिलो, आता मोकळे आहोत आपण. दोघं म्हणजे सभा नाही. बोल." त्यानं श्वास घेतला, म्हणाला, "दाजी, परवाच्या पावसानं—"

"थांबा," अर्लीन म्हणाली. हातात मांसाचं ताट, आणि तिथेच उभी. "एक, दोन, तीन."

मी मोजलं. मिलोनं मोजलं.

"पाचांत तीन," ती म्हणाली. "कुणीतरी उठलं पाहिजे."

मी म्हटलं, "तू म्हणाली होतीस, तू बोलणार नाहीस!"

"ते निवडून यायच्या आधी."

मग तिनं मिलोकडे बघितलं. तो खुर्चीच्या दोन्ही कडा धरून बसला होता, लहान पोरानं झोपाळा धरावा तसा. मग तिनं माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांचं लग्न आहे, कळतं.

आता ते टेबल मी केलेलं आहे. अक्रोडाचं. ते घर माझ्या बापाचं. पण मी ताट उचललं आणि अंगणात पिकअपमध्ये जाऊन बसलो. काच खाली केली. आतून आवाज येतो. मिलो बोलतोय, रस्त्यांबद्दल, सलग, आणि ती त्याला म्हणतेय, "चूक आहे तुझं, आधी पूल," आणि तो हसतोय. मोठ्यानं. व्हेरा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी असंच. कोबी गार होतो. खातो. तक्रार कुणाकडे करू? तिला माझ्यापेक्षा तीनशे मतं जास्त पडलीत… आणि त्यातलं एक मीच दिलंय.