दोन पिल्लरच्या मधात

तुम्हाले सांगतो राजेहो, धरमपेठेत आमच्या बिल्डिंगखाली माझी पार्किंग दोन पिल्लरच्या मधात आहे. सहा वर्षांत माझी गाडी तिथं एका दमात कधी लागली नाही. परवा ऑफिसातून आलो, तर तिथं कोणाची तरी भलीमोठी गाडी उभी! मी खालून ओरडून राहिलो, अन् बायको गॅलरीतून म्हणते, "पण लावली किती सरळ!"

मले असं ती कधीच म्हणाली नाही. जीव असा जळला!

तेवढ्यात साठीतल्या एक बाई आल्या. "चुकलं भाऊ," म्हणाल्या अन् एका झटक्यात गाडी काढून गेल्या.

मग मी माझी लावाले घेतली. चौथ्यांदा रिव्हर्स घेतली, तशी बायको वरून म्हणते, "अहो, त्यायले थांबवाचं होतं न! आपलीबी लावून देल्ली असती."