रकानेसाहेबांचा शेवटचा रकाना

समारंभाचे अध्यक्ष माननीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मघापासून खाऊच्या पाकिटांवर डोळा ठेवून बसलेले माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आजचे उत्सवमूर्ती, आपले रकानेसाहेब!

मी नळजोडणी शिकवते, भाषणं करणं माझं काम नव्हे. पण साहेबांविषयी मी नाही बोलायचं तर कुणी? वीस वर्षं त्यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवली. मुली किती, मुलगे किती, वय काय, सध्या कामाला कुठे. दरवर्षी प्रत्येकाला स्वतः फोन. एक रकाना रिकामा राहिला तरी यांना जेवण जात नसे.

आता एक रकाना होता 'पन्नाशीपुढचे विद्यार्थी'. कायम शून्य. मग साहेबांनी काय करावं? स्वतःच माझ्या वर्गात नाव घातलं! बाई बाई, काय ते दिवस! परीक्षेत यांनी नळ बसवला तळमजल्यावर आणि पाणी आलं प्राचार्यांच्या खोलीत. (हसू नका, महोदय अजून हसलेले नाहीत.) तिसऱ्या खेपेला पास झाले एकदाचे. तेव्हापासून दरवर्षी टेबलावरच्या फोनवरून स्वतःच्याच मोबाइलला फोन लावायचे, "सध्या काय करता?" विचारायचे, आणि मोबाइल उचलून "नोकरी" असं उत्तर द्यायचे. झाले त्या रकान्यातले शंभर टक्के विद्यार्थी कामाला!

आणि उद्यापासून? साहेब निवृत्त, म्हणजे एक माजी विद्यार्थी बेकार. इतक्या वर्षांचा शंभराचा आकडा मोडणार. परवाच्या सभेत कुणीतरी म्हणालं, यांचं प्रमाणपत्रच रद्द करा. मी म्हटलं, खबरदार! तर साहेब हळूच म्हणाले, "मला मयत दाखवा. मयत माणूस टक्केवारीत धरत नाहीत."

सगळे हसले. मला नाही हसू आलं. आदल्याच दिवशी वहिनी मला म्हणाल्या होत्या, "हे आता घरी बसून कुणाला फोन करणार हो?"

थांबा, मी एक फोन लावते. वाजतोय ना खिशात? उचला, साहेब. सध्या काय करता? राहू द्या, मी सांगते. मुलांना गळका सांधा शोधायला शिकवायचं तर आधी गळका सांधा हवा. माझा मेला कितीही वाईट जोडला तरी गळत नाही. तुमचा एक तरी कधी न गळता राहिलाय? उद्या सकाळी आठला कार्यशाळेत हजर व्हा. नेमणुकीवर प्राचार्यांची सही झाली आहे. त्यांची अट एकच, काम त्यांच्या खोलीपासून लांब.

अहो, डोळे काय पुसताय? आधी रकाना भरा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. काही अधिकउणं बोलले असेन तर या नळवालीला पदरात घ्या. आणि साहेब, फोन मी अजून ठेवलेला नाही. सध्या काय करता?

जरा मोठ्यानं सांगा. वहिनी मागच्या रांगेत बसल्यात.