खिडकी बाबाला

बोईसरच्या एसटी स्टँडवर नवापूरच्या गाडीसाठी रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. हंसाच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फळी होती.

"हंसा, मसाल्याचे डबे खाली उतरवून मांडणीची ही फळी माहेरी कशाला गं?"

"सोजराबाई, ही बाबाच्या होडीची! बाबा गेला, होडी मोडली, तवा मी एवढीच मागून घेतली."

"आणि आज?"

"आज भावाची नवी होडी पाण्यात लोटायची! जुनीची फळी बसवल्याशिवाय आमी नवी लोटत नाय."

"अगं, होडीला हळदीचा वास येईल!"

"येऊ दे! माझ्या खोलीला म्हावऱ्याचा वास हिनंच लावला."

"गाडीचा तर पत्ता नाही. भाऊ थांबेल ना?"

"भाऊ थांबेल, भरती कशी थांबेल? पाणी उतरलं की होडी वाळूतच!"

"आली बघ, आली! पळ!"

"ओ कंडक्टर, दार धरा!"

"बाई, ती फळी टपावर टाका."

"टपावर? बाबा जन्मभर होडीच्या पुढच्या टोकाला बसला! सोजराबाई, तुमी जरा सरका. पुढची खिडकी त्याला द्या!"