केंटमधली संकष्टी

अगं, आमच्या सासूबाईंचा संकष्टीचा उपास इंग्लंडमध्ये, केंटला कसा सुटला, ऐक. द्राक्षमळ्यांना लागूनच छोटं इन होतं, खाली पब आणि वर राहायच्या खोल्या. मुलं, कुत्री सगळी चालतात म्हणून शेरूलाही नेलेलं. मी मालकीणबाईंना म्हटलं, "चंद्र दिसल्याशिवाय आई जेवणार नाहीत." त्या म्हणाल्या, "मग किचन बंदच करत नाही." शेरूला घेऊन त्या सारख्या बाहेर जाऊन आभाळ बघून यायच्या. शेवटी ओरडल्या, "आला, आला!" अख्खा पब वाइनचे ग्लास घेऊन बाहेर! आईंनी हात जोडले, तसे सगळ्यांनी चंद्राकडे ग्लास उंचावले. मी धास्तावून आईंकडे बघितलं.

"पिऊ देत गं," आई म्हणाल्या. "परकी माणसं माझ्यासाठी थांबली, कुत्रं थांबलं. आणि तुझा नवरा? सातलाच जेवून मोकळा!"