लोरीनबाईंचं पिस्तूल

आमच्या गावात मासेमारीचा परवानाही बंदुकांच्या दुकानातच मिळतो, म्हणून तिथं रांगेत उभा होतो. पुढे सत्तरीच्या लोरीनबाई, त्यांचा मुलगा गॅरेट आणि काउंटरपलीकडे दुकानदार वेल्डन.

"रिकामं आहे, लोरीनबाई, बघून घ्या. छोटं, हलकं, पर्समध्ये मावतं. दहा गोळ्या बसतात."

"दहा? आमच्या शेतावर एवढे चोर कुठून आणू, वेल्डन?"

"आई, आपलं ठरलंय. गोळी चढवायची ही वरची सरकती स्लाइड तुझी तू मागे ओढलीस, तर शेतावर एकटी राहा. नाहीतर टल्सा शहरात आमच्याकडे राहायला यायचं."

"हं... हंऽऽ... मेली हलत नाही! बोटंच आखडलीत रे."

"चल, सामान बांधू."

"थांब रे गॅरेट! बोटांनी ओढू नका, लोरीनबाई. नळी भिंतीकडे. डाव्या पंजानं स्लाइड वरून घट्ट धरा, आणि उजव्या हातानं खालचं पिस्तूलच पुढे ढकला."

"म्हणजे फाटकात अडून बसलेल्या गाईला ढकलते तसं?"

"अगदी तसंच."

खटॅक.

"ऐकलंस, गॅरेट?"

"ऐकलं. पण आई, तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय आम्ही."

"मग तिथं तू झोप. बायको घोरते म्हणून रोज फोनवर रडतोस ना!"